तंबाखूवर बंदी, पण नेमकी कुणावर?

१. शेवटी वर येणारा हात

शाळेत, महाविद्यालयात किंवा बचतगटाच्या बैठकीत तंबाखूविषयी बोलायला गेलं, की शेवटी एक हात हमखास वर होतो. कधी तो नववीतल्या मुलाचा असतो, कधी नवऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसल्यामुळे धास्तावलेल्या बाईचा. प्रश्न एकच असतो. "एवढी वाईट आहे तर सरकार ती बंदच का करत नाही? पाकिटावर सडलेल्या गालाचं चित्र छापायचं आणि तेच पाकीट विकूही द्यायचं, हे कसं?"

प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचा संतापही रास्त आहे. भारतात तंबाखूमुळे दरवर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं दगावतात. वर्षाच्या दिवसांनी भागलं तर रोजची सुमारे ३,७०० माणसं होतात. २०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांची मोठी पाहणी झाली. त्या पाहणीनुसार देशातले २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे जवळपास २६ कोटी ७० लाख लोक, कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. महाराष्ट्राचा आकडा २६.६ टक्के होता. त्यातही आपल्याकडे ओढणारे थोडे, म्हणजे जेमतेम चार टक्के. खाणारे, चघळणारे आणि दातांना लावणारे मात्र २४ टक्क्यांहून अधिक. म्हणून महाराष्ट्रात तंबाखूविषयी बोलायचं तर सिगारेटचं चित्र पुरत नाही. इथे चुन्याची डबी आहे, सकाळची मशेरी आहे, विदर्भातला खर्रा आहे आणि गुटख्याची पुडी आहे.

पुढे जाण्याआधी 'बंदी' हा शब्द जरा सोडवून घेऊ. पाणी पिणारा, नळ, टाकी आणि विहीर या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी थांबवायचं म्हणजे यातलं नेमकं काय थांबवायचं? तंबाखूचंही तसंच आहे. खाणाऱ्याला पकडायचं, टपरीवाल्याला पकडायचं, कारखान्याला टाळं लावायचं, की शेतातलं पीकच उपटायचं? बंदीच्या बाजूने आणि विरोधात भांडणारे अनेकदा या चारांपैकी वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत असतात, आणि वाद तिथेच अडकतो.

२. चुना नेमकं काय करतो?

बंदीचं काय होतं हे कळायचं तर तलफ म्हणजे काय ते आधी कळायला हवं. तिथूनच सगळं ठरतं.

तंबाखूच्या पानात निकोटीन असतं. किडीपासून स्वतःला वाचवण्यासाठी झाडाने तयार केलेलं ते विष आहे. नुसतं पान गालात धरलं तर यातलं बरंचसं निकोटीन आत शिरत नाही, कारण त्याच्या रेणूवर विद्युतभार असतो आणि गालाच्या आतलं स्निग्ध अस्तर भारित रेणूंना सहजी वाट देत नाही. डोक्यावर गाठोडं घेतलेला माणूस बुटक्या दारात अडकावा, तसं होतं. चुना अल्कधर्मी असतो. तो तंबाखूत मळला की निकोटीनच्या डोक्यावरचं गाठोडं उतरतं आणि ते गालातून थेट रक्तात जातं. तळहातावर अंगठ्याने तंबाखू मळणारा माणूस नकळत हे रसायनच करत असतो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे प्रयोगशाळेविना शोधून काढलं.

विडी-सिगारेटचा धूर तर फुप्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतो. मेंदूतल्या काही पेशींवर निकोटीन बसू शकेल अशा जागा असतात. तिथे ते बसलं की बरं वाटायला लावणारी रसायनं सुटतात. निकोटीन रोज येऊ लागलं की मेंदू या जागा वाढवतो. रोज पाहुणे येणाऱ्या घरात जादा पाट मांडले जावेत, तसं. मग एखाद्या दिवशी पाहुणा आला नाही तर रिकामे पाट खुपायला लागतात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, पोट साफ होत नाही. व्यसनी माणसाला तंबाखूतून मिळणारं सुख बहुतेक वेळा हे रिकामे पाट पुन्हा भरल्याचं सुख असतं. तंबाखू न खाणाऱ्याला जे शांतपण फुकट मिळतं, तेवढंच मिळवण्यासाठी तो पैसे मोजतो.

आता एक छोटा हिशेब करू. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. दुपारी बाराला ते १०० धरलं, तर दोनला ५०, चारला २५ आणि सहाला १२ च्या आसपास. म्हणूनच दर दीड-दोन तासांनी हात खिशाकडे जातो. रात्री आठ तास झोप झाली की पातळी १०० वरून ६ वर उतरलेली असते. सकाळची पहिली चिमूट सगळ्यात गोड का लागते, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

निकोटीन माणसाला बांधून ठेवतं. कर्करोगाचा मुख्य दोष मात्र तंबाखूतल्या इतर रसायनांकडे, विशेषतः नायट्रोसमाइन्सकडे जातो. सुपारीही निर्दोष नाही. सुपारी स्वतंत्रपणे कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. खर्रा आणि गुटख्यात दोन्ही एकत्र असतात. तोंड हळूहळू आखडत जातं, आधी तीन बोटं मावत, मग दोन, मग एक. जगातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या भारतात आहेत. परळच्या टाटा मेमोरियलच्या आवारात नाकातोंडाला नळी लावून बसलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मशेरीबद्दल इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती व्यसनात मोजली जात नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. माझी आजी ती लावायची. तिला कुणी तंबाखू खाते म्हटलं असतं तर तिला खरोखर वाईट वाटलं असतं, कारण तिच्या लेखी ते दात घासणं होतं. मुंबईत १,२१७ गर्भवती बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. या बायकांपैकी कितीजणींना आपण तंबाखू वापरतो असं वाटत असेल?

३. हा प्रश्न चारशे वर्षांचा आहे

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि दख्खनमध्ये तिने लवकर बस्तान बसवलं. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आदिलशाहीच्या दरबारी गेला होता. तिथे त्याने ही नवी वस्तू पाहिली आणि १६०४ च्या सुमारास रत्नजडित हुक्क्यासह ती बादशहापुढे ठेवली. बादशहाने कुतूहलाने थोडे झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला. या वस्तूविषयी आमच्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, ती कशी घ्यावी, असा त्याचा आक्षेप होता. बादशहाला सवय लागली नाही, पण सरदारांना लागली आणि व्यापाऱ्यांनी माल आणायला सुरुवात केली.

त्यानंतर अवघ्या बारा-तेरा वर्षांत, १६१७ मध्ये, जहांगीराने तंबाखू ओढण्यावर बंदीचा हुकूम काढला. इराणच्या शाह अब्बासनेही तेच केलं होतं. दोघांचेही हुकूम टिकले नाहीत. त्या काळात जहांगीरापेक्षा अधिक सत्ता असलेली माणसं जगात मोजकीच होती, तरी त्याला जमलं नाही. तोवर फार जणांचे पाट मांडून झाले होते.

४. भूतानने करून पाहिलं

आजच्या काळातलं सगळ्यात मोठं उदाहरण भूतानचं. डिसेंबर २००४ मध्ये भूतानने देशभर तंबाखूची विक्री बंद केली. स्वतःपुरती बाहेरून आणायची तर शंभर टक्के कर भरून आणा, अशी सवलत ठेवली. देश लहान, लोकसंख्या आठ लाखांच्या आत, धर्मसंस्थेचा पाठिंबा, तंबाखूचा मोठा कारखाना नाही आणि शेतीही नाही. बंदी यशस्वी व्हायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

तरीही सीमेपलीकडे आपलं जयगाव होतं. तिथून माल येत राहिला. २०१० मध्ये कायदा आणखी कडक झाला, आणि २०११ मध्ये एका तरुण भिक्षूला अगदी थोड्या किमतीच्या चघळायच्या तंबाखूपायी तीन वर्षांची शिक्षा झाली. देश हादरला. पुढच्याच वर्षी कायदा सैल करावा लागला. मग कोविड आला. सीमा बंद असताना चोरटी तंबाखू आणणारी माणसं आजारही घेऊन येतील, ही भीती खरी होती. २०२१ मध्ये भूतानने विक्रीवरची बंदी उठवली.

दक्षिण आफ्रिकेने २०२० च्या टाळेबंदीत २७ मार्चपासून १७ ऑगस्टपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने, सिगारेटची विक्री थांबवली. काहींनी सोडली. बहुतेकांनी चोरून, कितीतरी पट किंमत मोजून घेतली, आणि तो चोरटा व्यापार बंदी उठल्यावरही मागे उरला.

दारूच्या बाबतीत असा अनुभव आपल्या घरचाही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवली, तेव्हा अवैध दारूचं कारण पुढे आलं. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी मात्र टिकून आहे आणि तिच्यामागे गावोगावच्या बायकांची चळवळ आहे. ती नसती तर कागदावरचा हुकूम किती दिवस टिकला असता, हे सांगायला नको.

भूतानकडे पाहून 'बंदी फसतेच' असं म्हणणारे घाई करतात, असं मला वाटतं. भूतानने बंदी घातली तेव्हा व्यसन लागलेल्यांच्या तलफेचं काय करायचं, हे ठरलेलं नव्हतं. मागणी जशीच्या तशी राहिली आणि फक्त दुकान हललं.

५. आपली गुटखाबंदी : अर्धी उघडी खिडकी

महाराष्ट्राची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि ती टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखी आहे.

राज्याने २००२ मध्ये पाच वर्षांसाठी गुटखा बंद केला होता. उत्पादक न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. अशी धोरणात्मक बंदी घालायचा अधिकार राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला नाही, असा मुद्दा होता. गुटखा चांगला की वाईट हा निकालाचा विषयच नव्हता. अधिकार कुणाचा, यावर तो फिरला.

मग वाट सापडली ती अन्नाच्या कायद्यातून. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये नियम आले. त्यातला एक नियम म्हणतो, की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही. गुटख्यात सुपारी, कात, वेलदोडा आणि सुगंध असतो, लोक तो तोंडात टाकतात. म्हणजे तो खाद्यपदार्थ. आणि खाद्यपदार्थात तंबाखू चालत नाही, म्हणून गुटखा बेकायदेशीर. २०१२ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशाने हा मार्ग धरला आणि जुलैत महाराष्ट्राने. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही या आदेशात आली. गोव्याने त्याआधीच, २००५ मध्ये, स्वतःच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटखा बंद केला होता.

हा आदेश दरवर्षी नव्याने का काढावा लागतो, असं अनेकजण विचारतात. कारण या कायद्याने अन्नसुरक्षा आयुक्ताला एका वेळी एका वर्षापुरतीच बंदी घालता येते. तात्पुरत्या मलमपट्टीची रचना आहे, आणि आपण तिच्यावर कायमचं धोरण उभं केलं आहे.

यात दोन भोकं राहिली. पहिलं, साध्या तंबाखूला हा आदेश लागत नाही. तिच्यासाठी २००३ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे आणि तो विक्री थांबवत नाही, विक्रीवर अटी घालतो. अठरा वर्षांखालच्यांना विकायची नाही, शाळेपासून शंभर यार्डांत विकायची नाही, जाहिरात करायची नाही, पाकिटावर चित्र छापायचं. ते चित्र २०१६ पासून ८५ टक्के जागेवर असतं. पण टपरीवर मुलगा पाकीट घेतच नाही, सुटी विडी किंवा सुटी सिगारेट घेतो. मग चित्र त्याला दिसतच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या विक्रीवर बंदी घातली. हे पाऊल छोटं वाटतं, पण मला ते फार मोलाचं वाटतं. दुर्दैवाने कुठल्याही एसटी स्टँडबाहेर उभं राहिलं तरी ही बंदी किती पाळली जाते ते दिसतं.

दुसरं भोक जुळ्या पुड्यांचं. कारखान्याने पानमसाला एका पुडीत आणि जर्दा दुसऱ्या पुडीत घातला. दोन्ही स्वतंत्रपणे विकल्या आणि गिऱ्हाइकाने तोंडात एकत्र केल्या. गुटखा कारखान्यात तयार होण्याऐवजी गालात तयार होऊ लागला. विदर्भातल्या खर्ऱ्याचं तर याहून कठीण. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून गिऱ्हाइकासमोर तयार होतो. तिथे कारखाना नाही, ब्रँड नाही, ट्रक नाही. धाड घालायची ती कुठे?

तरी या बंदीचा उपयोग झाला नाही, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं, ते सात वर्षांत २६.६ वर आलं. ही घट एकट्या गुटखाबंदीची नाही. चित्रं, कर, शाळांमधली मोहीम, सगळ्यांचा त्यात हात आहे. पण पोरांच्या डोळ्यांसमोर लटकणाऱ्या रंगीत माळा उतरल्या, सिनेतारकांच्या जाहिराती निदान गुटख्याच्या नावाने थांबल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

६. पीकच उपटलं तर?

विहिरीकडे जाऊ. निपाणी कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात असली तरी मराठी माणसाला परकी नाही. विडीच्या तंबाखूची ती मोठी बाजारपेठ. १९८१ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून पुणे-बंगळूर महामार्ग आठवड्यांमागून आठवडे अडवून धरला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. ज्या पिकाच्या दोन पैशांसाठी माणसं छातीवर गोळ्या झेलतात, त्यांच्या शेतात जाऊन 'हे पीक वाईट आहे' एवढंच सांगणं मला जमत नाही. कमी पावसात, हलक्या जमिनीत रोख पैसा देणारं दुसरं पीक आणि त्याला खरेदीदार दाखवल्याशिवाय ते सांगायचा हक्क आपल्याला नाही.

तेच विडीचं. सोलापूर आणि सिन्नर ही नावं घेतली की मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका डोळ्यांपुढे येतात. तेंदूचं पान कात्रीने कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दाबायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. दिवसभर मान खाली, बोटांना आणि श्वासाला तंबाखूची धूळ. देशात नोंदणी झालेले विडी कामगारच पन्नास लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांत बायका बहुसंख्य. सोलापुरात विडी कामगार बायकांनी लढून दहा हजार घरांची वसाहत उभी केली, तिला गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं. इतकी संघटित आणि इतकी चिवट बाई दुसरं काम शिकू शकत नाही, हे मला पटत नाही. ते काम तिच्या दारापर्यंत कुणी आणलेलं नाही, एवढंच.

शिवाय तेंदूपान आहे. उन्हाळ्यात जंगलात दोन-तीन आठवडे पानतोड चालते, आणि गडचिरोलीतल्या कितीतरी घरांचा वर्षातला सगळ्यात मोठा रोख पैसा याच दिवसांत येतो. त्याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सरकार आणि टाटा ट्रस्टसोबत २०१६ पासून 'मुक्तिपथ' मोहीम चालवली, दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी. एकाच जिल्ह्यात, कधीकधी एकाच घरात, पान तोडणारा हात आणि खर्रा सोडू पाहणारा हात एकाच माणसाचा असतो. त्या माणसाला विसरून केलेला कुठलाही कायदा मला अपुरा वाटतो.

७. कराचं गणित

बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये एक वाट आहे, ती महागाईची. 'कर वाढवला तर सरकारचं उत्पन्न बुडेल' हे वाक्य आपण ऐकतो. खरं आहे का ते पाहू.

समजा एका गावात दिवसाला १०० पुड्या खपतात. पुडी १० रुपयांची आणि त्यातला कर ३ रुपये. सरकारला मिळाले ३०० रुपये. आता कर २ रुपयांनी वाढवला. पुडी १२ रुपयांची झाली, म्हणजे किंमत २० टक्क्यांनी वाढली. आपल्यासारख्या देशांचा अनुभव असा, की किंमत १० टक्के वाढली तर खप साधारण ५ टक्के घटतो. म्हणजे इथे खप १० टक्के घटेल, ९० पुड्या उरतील. कर दर पुडीला ५ रुपये. सरकारला मिळाले ४५० रुपये. खप घटला आणि महसूल दीडपट झाला. हात आखडता घेणाऱ्यांत सगळ्यात आधी असतात गरीब आणि पोरं, कारण त्यांच्या खिशात मोजकेच पैसे असतात. ज्यांना वाचवणं सगळ्यात निकडीचं, तेच.

मग अडचण काय? सगळ्या तंबाखूवर सारखा कर नाही. विडीच्या किमतीत कराचा वाटा बरीच वर्षं पाव हिश्श्याच्याही आत राहिला आहे, तर जागतिक आरोग्य संघटना पाऊण हिस्सा सुचवते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने इतर तंबाखूला ४० टक्क्यांचा दर ठरवला आणि विडीचा दर २८ वरून १८ वर आणायचा निर्णय घेतला. विडी वळणाऱ्या बाईची काळजी त्यामागे असेल, तर ती काळजी तिच्या मजुरीत दिसायला हवी होती. विडी स्वस्त ठेवल्याने तिची मजुरी वाढत नाही, पण तिच्या नवऱ्याचं फुप्फुस जातं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो.

तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशाला येणारा खर्च २०१७-१८ साली सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपये होता, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास. दुसरीकडे, देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारी एलआयसीचा १५ टक्क्यांच्या आसपास वाटा आहे. आपल्या विम्याचा हप्ता काही अंशी सिगारेटच्या धंद्यात जातो, हे वाचकाने जाणून असावं.

८. ज्याने अजून सुरुवात केलेली नाही

बंदीला विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात भारदस्त मुद्दा स्वातंत्र्याचा असतो. माझं तोंड, माझे पैसे. चाळिशीच्या माणसाने, सगळं माहीत असताना, स्वतःच्या घरात विडी ओढली तर कायद्याने मध्ये पडू नये, हे मला मान्य आहे. पण निवड त्याने चाळिशीत केलेली नसते. आपल्या देशात सुरुवातीचं सरासरी वय १९ च्या आत आहे. २०१९ मध्ये तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यांतली ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत होती, आणि चघळायची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधी सुरू केली होती. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात टपरीवाल्याने पुडी दिली, याला स्वातंत्र्य हा शब्द लावता येत नाही.

म्हणून माझं उत्तर माणसागणिक बदलतं. ज्याचे पाट मांडून झाले आहेत, त्याच्यावर बंदीचा दंडुका चालत नाही. ज्याने चव घेतलेली नाही, त्याच्यासाठी मात्र बंदी हवी आणि ती खरी हवी.

याचे दोन नमुने आहेत. पहिला आपलाच. २०१९ मध्ये भारताने ई-सिगारेट बंद केली. ना तिचा शेतकरी होता, ना कामगार, आणि व्यसन लागलेलेही थोडेच होते. मोठ्या शहरांत ती चोरून मिळते, पण गावागावांत पोचली नाही. दुसरा नमुना जन्मवर्षाच्या बंदीचा. न्यूझीलंडने २०२२ मध्ये कायदा केला, की १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सिगारेट कधीच विकायची नाही. सरकार बदललं आणि लागू होण्याआधीच २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. पण मालदीवने तो धागा उचलला. तिथे १ नोव्हेंबर २०२५ पासून, १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तंबाखू विकत घेता येत नाही. आज ओढणाऱ्याला कुणी हात लावत नाही. फक्त दरवर्षी कायदेशीर गिऱ्हाइकांची रांग एका वर्षाने म्हातारी होत जाते. शेतकऱ्याला, विडीवालीला आणि तेंदूवाल्याला वळायला चाळीस-पन्नास वर्षं मिळतात. जुळी पुडी आणि सुटी विक्री आधी खरोखर बंद करून, तेंदूच्या जिल्ह्यांत पर्यायी पैसा उभा करत, महाराष्ट्राने या मार्गाचा विचार करावा, असं माझं म्हणणं आहे. टपरीवर वय विचारण्याची सवय लावायला मात्र आजपासूनच सुरुवात करावी लागेल. ती आपल्याकडे अजिबात नाही.

९. ज्याला सोडायची आहे

राहिला तो आधीच अडकलेला माणूस. २०१६-१७ च्या त्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू खाणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं होतं. शरद पवारांनी तोंडाच्या कर्करोगाशी झुंज दिल्यानंतर, चाळीस वर्षांपूर्वीच कुणी सावध केलं असतं तर, अशी खंत जाहीरपणे बोलून दाखवली आहे. सावध करणारं माणूस भेटणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे यावरून कळतं.

सोडल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात, कारण तेवढ्यात शरीरातलं निकोटीन जवळजवळ संपतं आणि रिकामे पाट सगळ्यात जास्त खुपतात. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत पाणी प्यावं, दोन लवंगा तोंडात टाकाव्यात, जागेवरून उठावं. काही आठवड्यांत मेंदू जादा पाट उचलू लागतो. ज्यांना हे एकट्याने जमत नाही त्यांच्यासाठी निकोटीनची गोळी, पट्टी आणि औषधं आहेत, डॉक्टरांना विचारून घ्यायची. एकदा घसरलं म्हणजे संपलं असं नसतं. बहुतेकांची तंबाखू दुसऱ्या-तिसऱ्या किंवा त्याहून अधिक प्रयत्नांनंतर सुटते.

१८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत दूरध्वनी आहे. पलीकडे समुपदेशक असतात आणि ते उपदेश करत नाहीत. व्यसन किती खोल गेलं आहे ते जोखायला असा समुपदेशक किंवा डॉक्टर साधारणपणे एक साधा प्रश्न विचारतो : सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली तंबाखू किती वेळाने घेता? तासाभराने म्हणालात तर सोडणं तुलनेने सोपं. पाच मिनिटांच्या आत म्हणालात तर औषधाची मदत लागायची शक्यता जास्त.

मला हा प्रश्न पहिल्यांदा कळला तेव्हा आजी आठवली. तिची मशेरीची डबी उशाशी असायची.